ओल कुठून येते? एका माळ्याचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा नीटनेटका केला आहे.)



रौप्यमहोत्सवात बोलायचं म्हटलं की लोक जुन्या आठवणी सांगतात. इथे रस्ता नव्हता, टँकरनं पाणी यायचं, रात्री कोल्हे ओरडायचे वगैरे. ते सगळं आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी मागच्या रविवारी फार छान सांगितलं. मी आज ओलीवर बोलणार आहे. भिंतीवरच्या ओलीवर. विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. पण पंचवीस वर्षांतली कमिटीची तक्रारवही मी चाळली आहे. पार्किंगच्या खालोखाल सगळ्यात जास्त पानं ओलीनं भरलेली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जाड प्रकरण माझ्या स्वतःच्या सहीचं आहे. ते प्रकरण मला आज बंद करायचं आहे. मी बँकेत आयुष्य काढलं. खातं बंद करताना बाकी शून्य आली पाहिजे, अशी सवय आहे.

माळा तापला म्हणून फोम मारला

आपल्या सोसायटीत तीन बिल्डिंगा आणि मागच्या बाजूला आठ रो-हाउस. रो-हाउसना वरती उतरत्या पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली माळा. बिल्डरनं ब्रोशरमध्ये त्याला 'स्टडी' म्हटलं होतं. एप्रिल-मे महिन्यात त्या स्टडीत बसून अभ्यास करणारा विद्यार्थी मला दाखवा! उन्हात पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो. दुपारी वर गेलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटायचं.

२०१९ च्या मे महिन्यात मी पत्र्याला आतून पीयू फोम मारून घेतला. ही कल्पना कुठून आली, तर चाकणवरून. माझे एक भाचे तिकडच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. चाकणच्या, भोसरीच्या शेडमध्ये पत्र्याला आतून हा फोम मारलेला असतो किंवा फोम भरलेले तयार पॅनेल छपराला वापरतात. उन्हाळ्यात कामगारांना गरम होऊ नये हा एक हेतू. दुसरा हेतू मला तेव्हा माहीत नव्हता. थंडीत पहाटे उघडा पत्रा गार पडतो, त्याच्या खालच्या बाजूला दव जमतं आणि खालच्या मशिनवर, मालावर टपटपतं. पत्र्याला फोम असला की शेडमधल्या हवेला गार पत्रा भेटतच नाही, म्हणून थेंब धरत नाहीत. हा दुसरा हेतू लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोम म्हणजे काय? आपल्या फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये जो पिवळसर कडक पदार्थ भरलेला असतो, तोच. पाइपमधून फवारतात, बघता बघता पुरीसारखा फुगतो आणि बारीकसारीक फटी बुजवून टाकतो. दोन इंची थर मारला. उन्हाळ्यात फरक इतका पडला, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला वर नेऊन दाखवत असे. शेजाऱ्यांनाही दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, काम छान झालंय. पण सगळ्या फटी बुजवल्यात, हवा कुठून खेळणार?" मी ते हसण्यावारी नेलं.

जुलै आला. पहिल्यांदा वास आला, कुबट. मग चिवडा सादळायला लागला. मग पुस्तकांच्या पाठीवर पांढरट-हिरवी बुरशी. माझे जुने दिवाळी अंक, हिच्या लग्नातला शालू, हार्मोनियमचा भाता, सगळ्यावर तोच थर. आणि शेजाऱ्यांच्या आणि माझ्या मधली जी भिंत आहे, तिच्या वरच्या अंगाला दीड-दोन हात ओल. रंगाचे पोपडे सुटले, गिलावा हाताला गार आणि ओला लागायचा.

मी काय काय चुकीचं केलं

पहिला निष्कर्ष मी काढला तो असा: पत्रा गळतोय. माणूस बोलावला. त्यानं पत्र्याच्या नटबोल्टखालचे वॉशर बदलले, जोडांवर पट्ट्या मारल्या. ओल तशीच. दुसरा माणूस बोलावला. ती मधली भिंत छपराच्या वर हातभर निघालेली आहे. त्यानं तिच्या माथ्यावर वॉटरप्रूफिंग केलं, दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. ओल तशीच. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार गेले.

२०२० चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. लॉकडाउनचे दिवस. मुलगा-सून-नात आमच्याकडेच अडकलेले, घरात सहा माणसं चोवीस तास. मुलगा माळ्यावर बसून ऑफिसचं काम करायचा, नात तिथेच झोपायची. त्या वर्षी ओल दुप्पट झाली. नातीला रात्री खोकला आणि सकाळी उठल्या उठल्या शिंका. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "घरात कुठे बुरशी धरलीय का?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

पाऊस नाही, पत्रा नाही, मग राहिलं कोण? भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम आहे. झालं! आमच्या बँकेच्या भाषेत, तपास न करता एंट्री मारून मोकळा झालो. मी कमिटीला पत्र लिहिलं. एक नव्हे, तीन. शेजारी म्हणाले, "काका, माझं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे. येऊन हात लावून बघा." मी गेलो नाही. तिसऱ्या पत्रात मी वकिलाचा उल्लेख केला. शेवटी कमिटीच्या आग्रहावरून त्यांनी बाथरूमच्या फरशा फोडल्या, पाइप बदलले, नव्यानं टाइल्स बसवल्या. अडतीस हजार रुपये खर्च झाला, त्यांचा. त्या खर्चाच्या काळात त्यांचा पगार अर्धा झालेला होता, हे मला नंतर कळलं.

आणि ओल? तशीच. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. दोन घरांत एक भिंत आणि गणपतीच्या आरतीला दोघं दोन टोकांना उभे.

पाण्याचा जमाखर्च

२०२२ मध्ये माझा पुतण्या अमेरिकेहून आला. तो टेक्ससमध्ये ह्यूस्टनला असतो. तिथली हवा आपल्या कोकणासारखी, दमट. तिथल्या घरांना वर लाकडी छप्पर आणि खाली माळा असतो, ते त्याला ॲटिक म्हणतात. माळ्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या तो म्हणाला, "काका, हा वास माझ्या ओळखीचा आहे." त्याच्या घरीही छपराला आतून फोम आहे. तिकडे हा जुना प्रश्न आहे. छप्पर फोमनं बंद केलं की माळ्यातली जुनी हवा बाहेर जात नाही. घरातली वाफ मात्र वर चढत राहते, कारण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ती जाऊन छपराच्या कण्याशी जमते. तिथे लोक एसीची थोडी हवा माळ्यात सोडतात किंवा हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र ठेवतात. त्याला डीह्युमिडिफायर म्हणतात.

जाताना तो मला काही शे रुपयांचं एक डबडं देऊन गेला. त्यावर तापमान आणि हवेतली आर्द्रता, दोन आकडे दिसतात. निवृत्त बँकवाल्याच्या हातात आकडे आले, की तो वही घालणारच. मी वही घातली.

आता थोडं गणित. घाबरू नका, व्याजाच्या गणितापेक्षा सोपं आहे. एक घनमीटर हवा, म्हणजे हवेचा साधारण एक मोठा खोका, २० अंशाला जास्तीत जास्त १७ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकतो. २५ अंशाला २३ ग्रॅम, ३० अंशाला ३० ग्रॅम. हवा गरम, तेवढी तिची पाण्याची 'लिमिट' मोठी. आर्द्रता ८० टक्के म्हणजे लिमिटच्या ८० टक्के रक्कम उचललेली आहे. हीच हवा गार झाली, की लिमिट कमी होते, उचललेली रक्कम तीच राहते आणि खातं ओव्हरड्रॉ होतं. वरचं पाणी थेंबांच्या रूपानं बाहेर पडतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तो हाच. बाटली गळत नसते.

आता माझ्या माळ्याचे आकडे. जुलैमधली एक सकाळ: आत २९ अंश, आर्द्रता ८४ टक्के. म्हणजे घनमीटरला साधारण २४ ग्रॅम पाणी. एवढं पाणी असलेली हवा २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूला टेकली, की ती वस्तू ओली होणार. छप्पर फोममुळे उबदार होतं, तिथे थेंब नाहीत. मग घरात सगळ्यात गार काय? ती मधली भिंत! तिचं डोकं छपराच्या वर निघालेलं, दिवसभर पावसात भिजून गार पडलेलं, आणि नेमका तिथेच फोम नाही. चाकणच्या शेडमध्ये जे दव उघड्या पत्र्यावर जमतं, तेच माझ्याकडे भिंतीवर जमत होतं. छपरावर जागा मिळाली नाही म्हणून पाण्यानं भिंतीचा पत्ता शोधला.

पण हे पाणी आलं कुठून? म्हणून जमेची बाजू लिहून काढली. माणूस श्वासातून आणि घामातून दिवसाला साधारण एक लिटर पाणी हवेत सोडतो. सहा माणसं म्हणजे पाच-सहा लिटर. स्वयंपाकाच्या वाफेचं एक लिटर धरा. गॅस जळतो त्याचंही पाणी होतं, हे मला सत्तरीपर्यंत माहीत नव्हतं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. आपला १४.२ किलोचा सिलिंडर महिन्यात संपला, तर तेवढ्यातून बावीसेक लिटर पाणी घरात आलं, म्हणजे रोजचा पाऊण लिटर. पाइपच्या गॅसचं प्रमाण तर वजनामागे आणखी जास्त. आंघोळीची वाफ अर्धा लिटर, फरशी पुसण्याचं अर्धा लिटर. आणि वॉशिंग मशिनमधून पिळून निघालेल्या कपड्यांत जे दोन-अडीच लिटर पाणी उरतं ते. पावसाळ्यात आम्ही कपडे कुठे वाळत घालत होतो? माळ्यावर! "फोममुळे उबदार आहे, लवकर वाळतात," असं मीच हिला सांगितलं होतं.

बेरीज झाली दहा-अकरा लिटर, म्हणजे रोज अर्धी बादली. माझ्या सगळ्या माळ्यातल्या हवेत मिळून मावतं दीड-दोन लिटर. बाकीचं कुठे जाणार? गादीत, पुस्तकांत, गिलाव्यात.

आणि खर्चाची बाजू? फोम मारण्यापूर्वी पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. त्या फटीतून वाफ निमूट बाहेर जात होती, म्हणून वीस वर्षं काही झालं नाही. फोमनं ती बुजवली. जमा चालू, खर्च बंद. शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न हाच होता.

एक शेवटची एंट्री राहिली. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. तो हवा बाहेर टाकतो असं आम्ही समजत होतो. टॉर्च घेऊन बघितलं तर त्याचा पाइप माळ्याच्या कोपऱ्यात, त्याच मधल्या भिंतीपाशी, उघडा सोडलेला. बिल्डरनं पाइप बाहेर काढण्याचे कष्ट घेतले नव्हते. सहा जणांच्या आंघोळीची वाफ रोज त्या भिंतीवर सोडली जात होती. माझ्याच बाथरूमची वाफ, माझ्याच भिंतीवर, आणि फरशा फुटल्या शेजाऱ्यांच्या.

प्लॅस्टिकची परीक्षा

तरीही मनाची खात्री करायची म्हणून एक साधी परीक्षा केली. ही तुम्ही सर्वांनी लिहून घ्या, फुकट आहे. ओल्या भिंतीचा एक भाग फडक्यानं पुसून, पंख्यानं थोडा सुकवून घ्यायचा. त्यावर फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टीनं घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवस थांबायचं. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, जमलं तर ओल भिंतीतून येते आहे: गळती, पाइप, पाऊस जे असेल ते शोधा. पाणी प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला, खोलीकडे जमलं, तर ओल हवेतली आहे. वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करू नका. कधी दोन्ही बाजूंना पाणी असतं. तेव्हा कारणंही दोन असतात.

माझ्याकडे बाहेरच्या बाजूला थेंब आले. आतली बाजू कोरडी. वीस रुपयांची चिकटपट्टी मी २०२० मध्ये लावली असती, तर अडतीस आणि अठ्ठावीस, सहासष्ट हजार रुपये वाचले असते. पैशाचं जाऊ द्या, दोन वर्षं वाचली असती.

उपाय काय केले

पहिला, एक्झॉस्टचा पाइप भिंतीतून थेट बाहेर काढला, तोंडाला पाऊस न येणारी जाळीची टोपी. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं फॅन चालू. हा एक उपाय निम्मं काम करून गेला. स्वयंपाकघरातली चिमणीही तपासा. पाइप बाहेर न गेलेली चिमणी तेल आणि वास थोडा गाळते, वाफ तिथेच परत सोडते.

दुसरा, कपडे वाळत घालणं माळ्यावरून बंद. खालच्या बाल्कनीत, छताखाली, पंखा लावून.

तिसरा, जिन्याच्या तोंडाला दार, म्हणजे खालची वाफ सरळ वर चढत नाही. आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत समोरासमोर बंद करता येतील असे झरोके. आता इथे सगळ्यांचा एक गोंधळ होतो, माझाही झाला. पावसात बाहेर आर्द्रता ९५ टक्के आणि आत ८४, मग झरोका उघडावा की नाही? टक्के बघू नका, ग्रॅम बघा. बाहेर तापमान २४ अंश. त्या हवेची लिमिटच २२ ग्रॅमच्या आत, तिचे ९५ टक्के म्हणजे २१ ग्रॅम. आत २४ ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा माझ्या माळ्यातल्या हवेपेक्षा कोरडी निघाली! झरोका उघडला तर पाणी बाहेरच जाणार. पण त्याला मर्यादा आहे. बाहेरच्या हवेइतकंच ते खाली येईल, त्याच्याखाली नाही. आणि खोलीत एसी चालू असेल, तर गणित उलटं. गार खोलीत पाणी कमी असतं, तिथे खिडकी उघडली की बाहेरची वाफ आत येऊन थेंब धरणार. एसी चालू तर खिडक्या बंद, एवढं साधं लक्षात ठेवा. एसी स्वतःही हवेतलं पाणी काढतोच, बाहेर जो पाइप टपकत असतो ते तेच पाणी. 'ड्राय' म्हणून बटण असतं, ते पावसाळ्यासाठीच.

चौथा उपाय, ते पाणी ओढणारं यंत्र. झरोक्यांनी जेवढं झालं त्यापुढे हे लागलं. पहिल्या आठवड्यात रोज चार लिटर पाणी काढलं, कारण गाद्या, पुस्तकं, गिलावा, सगळे जुनी थकबाकी परत करत होते. नंतर दीड-दोन लिटर. दिवसाला सात-आठ तास चालवतो, वीज अडीच-तीन युनिट लागते. यंत्र थोडं गरम होतं, खोलीत अंशभर ऊब वाढते. टाकी रोज ओतायची. यंत्र चालू असताना झरोके बंद ठेवायचे, नाहीतर आपण साऱ्या पिंपरी-चिंचवडची हवा सुकवत बसू.

आता माळ्यावर आर्द्रता साठ ते पासष्टच्या दरम्यान असते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरात साठच्या खाली ठेवा, म्हणते. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये ते कठीण आहे. आपण घाटाच्या जवळ राहतो. निगडीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पुणे शहरात सातशे-साडेसातशे. आपल्याकडे पाऊस लोणावळ्याचा नसला, तरी ढग तिकडचेच असतात. पण आकडा सत्तरच्या खाली राहिला तरी बुरशी नवीन धरत नाही, असा माझा तीन पावसाळ्यांचा अनुभव आहे. नातीचा रात्रीचा खोकला गेला. तो फक्त यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, औषधंही चालू होती.

धरलेली बुरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, ती हवेत उडते. तोंडाला मास्क बांधून साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसा आणि जागा पूर्ण सुकवा. तिच्यावर नुसता रंग मारला, तर ती रंगासकट परत येते. कपाटं भिंतीपासून तीन बोटं पुढे ओढा.

आपल्या आज्या हे सगळं न मोजता करत होत्या. कौलांच्या घरात हवा आपोआप खेळायची, दरवर्षी दसऱ्याला भिंतींना चुन्याचा हात फिरायचा, त्या चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. आणि पाऊस ओसरला, की आश्विनातल्या उन्हात गाद्या, गोधड्या, पोथ्या, सगळं अंगणात. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर हवा झपाट्यानं कोरडी होते, मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. तेव्हा यंत्र बंद, झरोके सताड उघडे. निसर्गच फुकटात सुकवून देतो.

चार सावधगिरीच्या गोष्टी

फोम मारणाऱ्यांनी नीट ऐका. फोम पेट घेतो, आणि पेटला की विषारी धूर सोडतो. तो उघडा ठेवू नका, जिप्सम किंवा सिमेंट बोर्डनं झाका. वायरिंग फोममध्ये गाडू नका, वेगळ्या पाइपमधून न्या. आणि पत्र्याची गळती आधी दुरुस्त करा. फोमच्या मागे गळणारं पाणी दिसत नाही, ते दहा फूट लांब जाऊन भलत्याच ठिकाणी उतरतं.

दुसरं, ओल सुकवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

तिसरं, ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, त्यांनी पावसाचा ओलावा येतो म्हणून बाथरूमची खिडकी किंवा जाळी अजिबात बंद करू नये. ओल परवडली, गुदमरणं परवडत नाही.

चौथं, खरी गळती आणि हवेतली ओल यांत फरक करा, पण खरी गळती दुर्लक्षू नका. सळईपर्यंत पाणी पोचलं, की लोखंड गंजून फुगतं आणि सिमेंट उडवतं. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीनं करायची, घरातल्या नळ-संडास-बाथरूमची सभासदानं. म्हणजे ओल कुठून येते, यावर खर्च कोणाचा हे ठरतं. म्हणूनच भांडणं होतात, आणि म्हणूनच आधी तपास हवा.

माझी कमिटीला सूचना आहे. ते आकडे दाखवणारं डबडं सोसायटीनं दोन-तीन घेऊन ऑफिसात ठेवावं, लायब्ररीच्या पुस्तकासारखं सभासदांना आठवडाभर द्यावं. आणि ओलीच्या तक्रारीच्या फॉर्मवर एक ओळ छापावी: 'प्लॅस्टिकची परीक्षा केली का? पाणी कोणत्या बाजूला आले?' ती ओळ भरल्याशिवाय कोणाच्या फरशा फोडायला सांगू नये.

शेवटची एंट्री

प्लॅस्टिक काढलं त्याच संध्याकाळी मी शेजाऱ्यांच्या दारात गेलो. चेकबुक घेऊन गेलो होतो, अडतीस हजारांचा चेक लिहूनच. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. चेक बघितला, घडी घालून माझ्या हातात परत ठेवला. म्हणाले, "काका, पैसे नकोत. पत्रं तुम्ही कमिटीला लिहिलीत, नोटीस बोर्डावर विषय आला, सगळ्या सोसायटीनं माझ्या बाथरूमबद्दल चर्चा केली. चूक झाली हे मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

बरोबर होतं ते. पण त्यानंतरही मला तीन वर्षं लागली. मी कमिटीला एक छोटं पत्र दिलं, 'सदर तक्रार मागे घेत आहे', कारण न लिहिता. बँकेत कोणी असा रिव्हर्सल केला असता, तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

म्हणून आज, सर्वांसमोर सांगतो. शेजाऱ्यांच्या बाथरूममधून कधीही पाणी गळत नव्हतं. ओल माझ्या घरातली होती, माझ्या आंघोळीची, माझ्या कपड्यांची, मी बुजवलेल्या फटींची. माझी तिन्ही पत्रं चुकीची होती. त्यांनी पहिल्या दिवशी मला खरं सांगितलं होतं आणि मी चार पावलं चालून हात लावून बघायला गेलो नाही. मी त्यांची, त्यांच्या सौभाग्यवतींची आणि त्या वेळच्या कमिटीची जाहीर माफी मागतो. हे असंच्या असं स्मरणिकेत छापावं, अशी संपादकांना विनंती आहे. तक्रार लेखी होती, माफीही लेखी हवी.

तो चेक त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही. या वर्षी त्यांनी स्वतःच्या माळ्याला फोम मारायचं ठरवलं आहे. परवा मला विचारायला आले होते, झरोके कुठे ठेवावेत म्हणून. आम्ही दोघं टेप घेऊन त्यांच्या माळ्यावर तासभर होतो. भिंतीच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच गेलो. हात लावून बघितला. कोरडी ठणठणीत आहे.